दोन मुलगे आणि एक बाठा

'वाटणी' हा शब्द मराठीत बहुधा शेतजमीन, पडका वाडा आणि सातबाऱ्याचा उतारा यांच्या सोबतीने येतो, आणि दोघा भावांपैकी निदान एकाला मधुमेह झाल्याखेरीज तो उच्चारला जात नाही, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज ज्यांच्या घरी दोन लहान मुलगे नाहीत अशा लोकांनी पसरवलेला असावा. प्रत्यक्षात वाटणीचा पहिला दावा धाकट्याला धड बसता येण्याच्याही आधी, त्याच्या मुठीत वस्तू धरण्याचे बळ आले की त्याच दिवशी दाखल होतो. पुढची दहा-बारा वर्षे तो सकाळच्या दुधापासून रात्रीच्या पांघरुणापर्यंत रोज नव्याने चालतो, आणि त्यात लागलेला कोणताही निकाल दुसऱ्या दिवसासाठी दाखला म्हणून ग्राह्य धरला जात नाही. प्रस्तुत विवेचनासाठी पुण्यातील एका मध्यमवर्गीय सदनिकेतील साडेसात वर्षांचा थोरला आणि साडेचार वर्षांचा धाकटा यांचे घर नमुना म्हणून घेतले आहे. या घरात आई हे कनिष्ठ न्यायालय असून वडिलांची आई, म्हणजे आजी, हे अपिलाचे न्यायालय आहे. वडिलांना अधिकारक्षेत्र नेमून दिलेले नाही, मात्र निकालाची अंमलबजावणी त्यांनी करावी अशी अपेक्षा असते.

या भांडणांना शास्त्राधार नाही असे मानणे चुकीचे ठरेल. हिंदू धर्मशास्त्रात वारसा आणि वाटणी यांविषयी दोन प्रमुख परंपरा मानल्या जातात. त्यांपैकी जीमूतवाहनाचा 'दायभाग' बंगालकडे चालला, तर याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' ही विज्ञानेश्वराची टीका, जी चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे लिहिली गेली, ती महाराष्ट्रासह बहुतेक भारताने मानली. दोहोंतील कळीचा फरक असा की मिताक्षरेनुसार मुलाला वडिलार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क प्राप्त होतो, तर दायभागानुसार मालक हयात असेपर्यंत दुसऱ्या कोणाचा हक्क उत्पन्नच होत नाही. धाकटा हा जन्माने आणि वृत्तीने कट्टर मिताक्षरावादी आहे; त्याच्या आगमनापूर्वी तीन वर्षे घरात साठलेल्या सर्व मोटारी, ठोकळे, एक कान तुटलेला हत्ती आणि चावीचे बेडूक यांत आपला निम्मा हिस्सा प्रसूतिगृहातच पक्का झाला होता, असे तो धरून चालतो. थोरला मात्र दायभागाचा पुरस्कर्ता आहे आणि आपण हयात असताना आपल्या लाल मोटारीला कोणी हात लावूच कसा शकतो, हा त्याचा प्रश्न बंगालमध्ये निश्चितच विचारात घेतला गेला असता.

थोरलेपणाबद्दल काही अधिक मिळावे की नाही, हाही जुनाच वाद आहे. मनुस्मृतीने ज्येष्ठ पुत्राला एकूण मालमत्तेचा विसावा भाग जास्तीचा सांगितला असून या जादा हिश्श्याला 'उद्धार' अशी संज्ञा आहे. परंतु असली विषम वाटणी शास्त्रात आढळत असली तरी लोकांना ती खपत नाही, म्हणून ती आचरू नये, असा स्पष्ट अभिप्राय विज्ञानेश्वराने दिला. या अभिप्रायामागे गाढ व्यासंग होता हे तर खरेच, पण त्याच्या घरी बशीत पाच भाकरवड्या आणि समोर दोन मुलगे अशी वेळ एकदा तरी आली असावी, अशी शंका घेण्यास जागा आहे. प्रस्तुत घरात आईने एकदा 'तो मोठा आहे, त्याला भूक जास्त लागते' असे म्हणून तीन-दोन अशी वाटणी करून पाहिली आणि लोकांना न खपणे म्हणजे नेमके काय, हे शेजारच्या तीन सदनिकांनाही कळले. तेव्हापासून पाचवी भाकरवडी वडील खातात. वाटणीतून शिल्लक राहणारा विषम नग वडिलांनी खाण्याची ही प्रथा पुष्कळ घरांत रूढ असून चाळिशीतील पुरुषांच्या वाढत्या पोटाची चर्चा करताना तिचा विचार व्हायला हवा.

थोरल्याला उद्धार मिळत नसला तरी पदवी मिळते. 'दादा' हे मराठीत वडील भावाचे आदरार्थी नाव असून ते साधारणतः वयाच्या तिसऱ्या वर्षी, दवाखान्यातल्या पाळण्यात गुंडाळून ठेवलेले एक लालसर गाठोडे दाखवून, संबंधित मुलाची संमती न घेता त्याला बहाल केले जाते. या पदाला वेतन नाही, अधिकार नाममात्र आहेत आणि राजीनाम्याची सोय नाही. 'तू दादा आहेस ना?' हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने प्रश्नार्थक असले तरी व्यवहारात तो जप्तीचा हुकूम असतो, कारण ते उच्चारले गेल्यावर थोरल्याच्या हातातली वस्तू धाकट्याच्या हातात जाते, असाच आजवरचा अनुभव आहे. थोरल्यानेही हे ओळखले असून, वाक्यातला 'तू दादा' एवढा भाग कानी पडताच तो 'नाही' असे उत्तर देऊन मोकळा होतो.

दुधाचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहण्यासारखा आहे. घरातले दोन स्टीलचे पेले आजीच्या लग्नातले असून, भांडी शेजारीपाजारी गेली तरी ओळखून परत यावीत म्हणून त्यांच्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेण्याची जी पद्धत होती, तिला अनुसरून दोन्हींवर आजोबांचे नाव आणि लग्नाची तारीख आहे. पेले एकाच मापाचे आहेत, परंतु त्यांपैकी एक कधी काळी माळ्यावरून पडल्यामुळे त्याला कमरेपाशी अंगठ्याएवढा पोचा आला आहे. पोचा आत गेलेला असल्याने त्या पेल्यात दूध कमी मावते, असा धाकट्याचा दावा. दूध कमी मावत असल्याने ते जास्त वर येते, म्हणून जास्त दिसते, असा थोरल्याचा प्रतिदावा. कमी-जास्त काय असेल ते असो, दोघांनाही दूध मुळात नको असते, ही गोष्ट या वादात कधीच पुढे आलेली नाही. अखेर वडिलांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून दोन्ही पेल्यांत बरोबर दोनशे ग्रॅम दूध घातले, आकडा दोघांना वाचायला लावला (धाकट्याला शून्य येते, दोन येत नाही), आणि प्रकरण शास्त्रीय पद्धतीने मिटले असे जाहीर केले. तेवढ्यात धाकट्याच्या पेल्यावर साय धरली. साय ही वाटणीच्या शास्त्रात ऋण मालमत्ता समजावी, कारण ती ज्याच्या वाट्याला येते त्याचा वाटा वजनाने वाढतो आणि मोलाने घटतो. तिचे काय करायचे याचे उत्तर वजनकाट्याकडे नव्हते, आणि साय आई खाते.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी याच विषयावर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. सारख्या आकाराच्या दोन भांड्यांत सारखे पाणी मुलाला दाखवून, मग त्यातल्या एका भांड्यातले पाणी त्याच्यादेखत उंच आणि अरुंद भांड्यात ओतले, तर सहा-सात वर्षांपर्यंतचे मूल उंच भांड्यात पाणी जास्त आहे असे सांगते. आकार बदलला तरी राशी तेवढीच राहते ही जाण, जिला परिमाणाचे अक्षय्यत्व म्हणता येईल, ती त्याला अजून आलेली नसते. या प्रयोगांच्या थोरवीला बाध न आणता एक उणीव दाखवणे आवश्यक आहे, ती ही की त्यांत भांडी दोन असली तरी मूल एकच असे. दुसरे भांडे त्या मुलाच्या भावाच्या हाती देऊन तोच प्रश्न विचारला असता तर वय कितीही असले तरी उत्तर एकच आले असते, आणि परिमाणाचे अक्षय्यत्व मनुष्याला साधारण पस्तिसाव्या वर्षी, तेही भाऊ परदेशी गेल्यास, कळते असा निष्कर्ष काढावा लागला असता.

मुलांच्या भाषेकडे वळल्यास असे दिसते की धाकट्याचे सगळे तत्त्वज्ञान दोन शब्दांत मावते, आणि ते शब्द 'मला पण' हे आहेत. मराठी व्याकरणात 'पण' दोन ठिकाणी भेटतो. एकदा तो न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय असतो, म्हणजे पहिल्या वाक्यात काही उणे आहे असे सुचवून दुसरे वाक्य जोडतो, आणि एकदा शुद्ध शब्दयोगी अव्यय असतो, म्हणजे 'सुद्धा' किंवा 'देखील' यांच्या जागी बसतो. धाकटा सकाळी उठल्यापासून दुसरा 'पण' वापरतो. थोरल्याला शाळा, त्यालाही शाळा. थोरल्याला गृहपाठ, त्यालाही गृहपाठ. थोरल्याला ताप आला आणि काखेत तापमापक लावला तर धाकटाही सदऱ्याचे बटण काढून हात वर करून उभा राहतो. थोरल्याला टोचून घ्यायचे असल्यामुळे दवाखान्यात नेले असता तिथेही हा 'मला पण' निघाला, आणि डॉक्टरीणबाईंनी हसत सुई दाखवली तेव्हा मात्र त्याच 'पण'चा क्षणार्धात उभयान्वयी 'पण' होऊन 'पण मला घरी जायचंय' असे वाक्य तयार झाले. थोरल्याचे अव्यय वेगळे आहे. तो 'च'चा उपयोग करतो: 'मीच का?', 'त्यालाच का?', 'नेहमी माझंच का?' 'पण'मध्ये सामील होण्याची इच्छा असते आणि 'च'मध्ये कुंपण असते, असे म्हणता येईल; एक सतत आत येऊ पाहतो, दुसरा सतत फाटक लावतो, आणि आईचा दिवस त्या फाटकाच्या करकरण्यात जातो.

ज्या वस्तू कापता येतात त्यांच्यासाठी जगभर एकच जुनी युक्ती सांगितली जाते: एकाने कापावे, दुसऱ्याने उचलावे. ग्रीक कवी हेसिअडच्या 'थिऑगनी' या काव्यात प्रमीथिअस बैलाचे दोन वाटे करतो आणि झ्यूस त्यांतला एक निवडतो, इतकी ही कल्पना प्राचीन आहे; पोलिश गणिती ह्यूगो स्टाइनहाउस यांनी १९४८ साली न्याय्य वाटणीच्या प्रश्नावर लेख लिहिल्यापासून तिला गणितातही मानाचे स्थान मिळाले. कापणाऱ्याला मागाहून उरलेला तुकडा घ्यायचा असल्याने तो झक मारत सारखे तुकडे करतो आणि निवडणाऱ्याला तक्रारीला जागा राहत नाही, असे तिचे तर्कशास्त्र आहे. प्रस्तुत घरात ही युक्ती थालीपिठावर लावण्यात आली. थालीपिठाला मध्ये एक आणि भोवती चार अशी पाच भोके असतात, ती तेल खाली उतरावे म्हणून पाडलेली असतात. थोरल्याने शाळेची पट्टी आणून, मधल्या भोकातून रेघ जाईल आणि बाकीची भोके दोन-दोन वाटली जातील अशा बेताने, सात मिनिटे घेऊन ते कापले, आणि धाकट्याने त्याकडे ढुंकूनही न पाहता ज्या तुकड्यावर लोण्याचा गोळा घसरला होता तो उचलला. लोणी मागाहून घालावे, ही दुरुस्ती दुसऱ्या दिवशी झाली. पण खरी अडचण पुढेच होती, कारण स्वतः निवडलेला तुकडा हातात घेऊन धाकटा दुसऱ्या तुकड्याकडे पाहू लागला आणि 'त्याचा मोठा आहे' असे म्हणाला. माणसाला आपले मन ठाऊक असते, हे गृहीत धरल्याखेरीज गणिताला पुढे जाता येत नाही; धाकट्याला मात्र तुकडा भावाच्या हातात गेल्याशिवाय त्याची किंमतच कळत नाही, आणि या एका गोष्टीपुढे प्रमीथिअस, झ्यूस आणि पोलंड हतबल आहेत.

आंब्याचा बाठा कापताही येत नाही. आंबा चिरल्यावर दोन्ही बाजूंच्या फोडी काढून झाल्या की मध्ये कोयीला चिकटलेला गर उरतो, त्याला बाठा म्हणतात, आणि तो दोन्ही हातांनी धरून, कोपरापर्यंत रस ओघळू देत चोखण्याचा अधिकार हा फोडींपेक्षा कितीतरी मोलाचा मानला जातो. आंबे दोन चिरावेत हा उपाय सुचायला सोपा आहे, पण हापूसचा भाव विचारून आलेला माणूस तो सुचवत नाही. दिल्लीत २०१६ च्या जानेवारीत वाहनांसाठी सम-विषम तारखांची योजना अंमलात आली होती, तिच्या धर्तीवर वडिलांनी विषम तारखेचा बाठा थोरल्याला आणि सम तारखेचा धाकट्याला असा ठराव केला, आणि आजीने भिंतीवरच्या 'कालनिर्णय'मध्ये एप्रिल आणि मे महिन्यांच्या चौकोनांत पेन्सिलीने 'थो' आणि 'धा' अशी अक्षरे घातली. महिनाभर शांतता नांदली. मे महिन्याच्या शेवटी आजीनेच पान उलटताना असे निदर्शनास आणून दिले की ३१ तारीखही विषम असते आणि त्यानंतर येणारी १ तारीखही विषमच असते, त्यामुळे थोरल्याला लागोपाठ दोन बाठे मिळणार. वर्षात एकतीस दिवसांचे महिने सात असतात, त्यामुळे साध्या वर्षात विषम तारखा १८६ भरतात आणि सम १७९, हे वडिलांनी तिथेच कागदावर काढले, आणि थोरल्याने विषम तारखा 'सहज' मागितल्या होत्या या जुन्या गोष्टीकडे सर्वांचे लक्ष नव्याने गेले. सात बाठ्यांची ही थकबाकी पुढच्या वर्षी फेडली जाईल, असे धाकट्याला सांगण्यात आले आहे. त्याला सातापर्यंत मोजता येते, हा आकडा म्हणूनच त्याच्या लक्षात राहिला आहे.

रेल्वेच्या खिडकीची वाटणी मात्र बरीच प्रगत अवस्थेला पोहोचली आहे. आईचे माहेर दादरला असल्यामुळे मुंबई-पुणे प्रवास वारंवार घडतो, आणि परतताना कर्जत हे वाटणीचे स्थान मानले जाते, कारण दादर ते कर्जत आणि कर्जत ते पुणे ही अंतरे जवळजवळ सारखी, नव्वद-नव्वद किलोमीटरची आहेत. पुढे बोरघाटाची चढण असल्याने बहुतेक गाड्या तिथे थांबतात आणि मागून रेटण्यासाठी जादा एंजिने लावली जातात, ज्यांना रेल्वेच्या भाषेत 'बँकर' म्हणतात. त्या अवधीत बटाटेवडे घेतले जातात आणि मुले जागा बदलतात. अंतराने ही वाटणी निर्दोष असली तरी घाटातले पंचवीसहून अधिक बोगदे सगळे कर्जतनंतर येतात, हे धाकट्याच्या ध्यानात येण्याआधी थोरल्याने दुसरा टप्पा आपल्या नावे करून ठेवला होता. ते उघडकीस आल्यावर त्याने तडजोड म्हणून ठाण्याच्या पुढचा पारसिकचा बोगदा पुढे केला: तो एकटाच असला तरी सव्वा किलोमीटरहून लांब आहे, तेव्हा अनेक लहान बोगद्यांना तो एक भारी पडतो. धाकट्याने हे मान्य केले. पारसिकच्या पूर्ण अंधारात तो इतका घाबरला की खिडकी सोडून आईच्या मांडीवर आला, आणि रिकाम्या खिडकीत जाऊन बसायला थोरल्याला कोणाची परवानगी लागली नाही. हा संपूर्ण करार याच हेतूने केला गेला होता का, याविषयी आईचे आणि आजीचे मतभेद आहेत.

न्यायदानाच्या पद्धतीविषयी थोडक्यात सांगायचे तर फिर्याद दाखल करण्याला 'नाव सांगणे' म्हणतात आणि बचावाचा मुख्य शब्द 'मुद्दाम' हा आहे. पियाजे यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुलांच्या नैतिक निर्णयांवरील ग्रंथात दोन मुलांची गोष्ट येते, ज्यांतल्या एकाच्या हातून दार ढकलताना चुकून पंधरा कप फुटतात आणि दुसऱ्याच्या हातून चोरून मुरांबा काढताना एकच फुटतो. लहान मुले पंधरा फोडणाऱ्याला मोठा गुन्हेगार ठरवतात, आणि थोडी मोठी झालेली मुले हेतू पाहू लागतात. या घरात दोन्ही संप्रदाय एकाच सोफ्यावर बसतात. थोरला प्रत्येक वेळी 'मुद्दाम नाही केलं, हात लागला' असे हेतूवर बोट ठेवतो, तर धाकटा हेतूत न शिरता नुकसान मोजतो आणि कपाळावरचे टेंगूळ पुरावा म्हणून दाखवत घरभर फिरतो. आता तोही मोठा होतो आहे. अलीकडे त्याने भावाच्या चित्रावर पाणी ओतताना, ओतण्याच्या आधीच, 'मुद्दाम नाही हं' असे बजावले.

पुण्याच्या मुलांचे जीवन दिवाळीतल्या किल्ल्यावाचून पुरे होत नाही. विटा आणि दगड रचून त्यांवर गोणपाट टाकायचे, मातीचा गिलावा द्यायचा, उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवून आणायची आणि वर सिंहासनावर महाराज व खाली मातीचे मावळे मांडायचे, हा प्रघात महाराष्ट्राबाहेर फारसा ठाऊक नाही. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांतले अकरा महाराष्ट्रात आणि एक, जिंजी, तमिळनाडूत आहे. त्या दिवाळीत थोरल्याने यादी वाचून राजगड करायचे ठरवले. धाकट्याला सिंहगड हवा होता, कारण तो तिथे गेला होता आणि त्याने तिथे मडक्यातले दही खाल्ले होते. सिंहगड यादीत नाही, हा थोरल्याचा मुद्दा बिनतोड होता, पण राजगडावर दही मिळते का, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. १७३१ साली सातारच्या शाहू महाराजांची थोरली आणि कोल्हापूरच्या संभाजी महाराजांची धाकटी पाती यांच्यात वारणेचा तह होऊन नदी ही सीमा ठरली होती, ही माहिती आजीने पुरवली आणि सज्ज्यातल्या किल्ल्याच्या मधोमध बोटाने नदी ओढली. त्यामुळे उत्तरेला राजगड आणि दक्षिणेला सिंहगड असा, भूगोलाला न जुमानणारा, जोडकिल्ला उभा राहिला. दक्षिणेकडे मावळे कमी पडल्याने तटावर प्लॅस्टिकचा डायनासोर उभा केला होता, आणि भाऊबीजेला आलेल्या पाहुण्यांनी कौतुक केले ते डायनासोरचे. उत्तरेकडची मोहरी दोन दिवस उशिरा उगवली, त्यामागे पाणीपुरवठा तोडण्याचे राजकारण असल्याचा आरोप अद्याप सिद्ध झालेला नाही.

खेळात धाकट्याचा दर्जा 'कच्चं लिंबू' असा आहे. ज्या खेळाडूला खेळात घेतलेले असते पण जो बाद होत नाही, ज्याच्यावर राज्य येत नाही आणि ज्याच्या धावा कोणी मोजत नाही, त्याला मराठी मुले कच्चं लिंबू म्हणतात. अन्य कोणत्याही घटनेत नागरिकत्वाचा असा प्रकार नसावा, कारण यात हक्क सगळे असतात, फक्त अस्तित्व नसते. इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत, एक टप्पा एक हात या नियमाने चालणाऱ्या क्रिकेटमध्ये, धाकटा दीड वर्ष या दर्जावर सुखाने फलंदाजी करत होता. मग आपण पाच वेळा त्रिफळाचीत होऊनही कोणी ओरडत नाही, ही गोष्ट त्याला खुपू लागली, आणि एका संध्याकाळी त्याने बॅट टाकून आपल्याला खरेखुरे बाद करावे अशी मागणी केली. थोरल्याने ती पहिल्याच चेंडूवर पुरी केली. त्यानंतरचे रडणे चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेले, आणि त्याला पुन्हा लिंबू करण्याची तयारी दाखवल्यावर ते वाढले. इथे एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. 'लिंबू रडलं' असे समोरच्या इमारतीतला एक मुलगा म्हणाला, तेव्हा त्याच्याशी भांडायला सर्वांत आधी धावला तो थोरला. आपसात आपण शंभर आणि पाच, पण बाहेरच्याशी गाठ पडली की एकशे पाच, हा महाभारतातल्या धर्मराजाचा हिशोब त्याला कोणी शिकवला नव्हता. भांडण जिंकून परतताना त्याने धाकट्याला बॅट दिली आणि जिना चढता चढता तिसऱ्या मजल्यावर ती परत घेतली.

नाताळच्या सुट्टीत थोरला चार दिवस दादरला गेला आणि धाकट्याला खोकला असल्यामुळे मागे ठेवण्यात आले. दोन्ही पेले, रिमोट, झोपताना भिंतीकडची बाजू, लाल मोटार, सर्व काही प्रथमच अविभक्त स्वरूपात त्याच्या ताब्यात आले. पहिल्या सकाळी त्याने दोन्ही पेल्यांत दूध मागितले आणि एकातलेही प्यायले नाही. आजीने त्याच्यापुढे अख्खे थालीपीठ ठेवले, तेव्हा त्याने ते कापून मागितले; कापले, तेव्हा आपण कापणाऱ्याच्या विरुद्ध बाजूचे असल्याने निवड आपली आहे, हे त्याने आजीला समजावून सांगितले. बराच वेळ दोन्ही तुकडे न्याहाळून त्याने डावीकडचा उचलला. मग समोरच्या रिकाम्या पाटापुढे, ताटात राहिलेल्या, कोणाच्याच नसलेल्या तुकड्याकडे पाहत तो म्हणाला, "त्याचा मोठा आहे."